व्हिनेगर: किती प्यायचं, कुठे लावायचं आणि कुठे हात आवरायचा

“सकाळी उपाशीपोटी ॲपल सायडर व्हिनेगर घेतलं तर चालेल का?” आरोग्यावर लिहिणाऱ्या कुणालाही अलीकडे हा प्रश्न चुकलेला नाही. त्याच्या मागोमाग बाकीचे येतात. साखर उतरते का? पोट कमी होतं का? चामखिळीवर लावू का? कान खाजतोय, दोन थेंब घालू का? दुकानातलं महागडं घ्यावं की गोव्याहून आणलेलं माडाचं चालेल?

महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत आंबटाचं काम चिंच, आमसूल, कैरी, लिंबू आणि ताक करतात. व्हिनेगरची पांढरी बाटली स्वयंपाकघरात आली ती नूडल्स आणि मंचुरियनच्या सोबतीनं. गोव्यात मात्र माडाच्या सुरेचं व्हिनेगर पिढ्यान्‌पिढ्या बरणीत मुरत आलं आहे. विंदालू, सोरपोतेल, बालशांव या पदार्थांचा जीवच त्यात आहे. त्यामुळे गोव्यात व्हिनेगर औषध आहे का, असं फारसं कुणी विचारत नाही. ज्यांच्या घरी ते नवं आहे त्यांना ते औषध वाटतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

बाटलीत नेमकं काय असतं

फळांचा रस, ऊस, धान्य किंवा माडाची सूर, काहीही घ्या. त्यातल्या साखरेची आधी दारू होते आणि मग हवेतले विशिष्ट जिवाणू त्या दारूचं ॲसिटिक ॲसिड करतात. हेच व्हिनेगर. घरात येणाऱ्या बाटलीत साधारण 4 ते 6 टक्के ॲसिड आणि बाकी जवळजवळ सगळं पाणी असतं. सफरचंदाचं, जांभळाचं किंवा माडाचं यांत रंग, वास आणि चव वेगळी असते. शरीरावर जो काही परिणाम होतो, तो मुख्यतः त्या ॲसिडचा.

बाटलीच्या तळाशी गढूळ तंतू दिसतात, त्यांना ‘मदर’ म्हणतात. जिवाणूंनी विणलेला तो तंतुमय साका आहे. बाटली खराब झाल्याची ती खूण नाही. पण त्यामुळे औषधी गुण वाढतात असं सिद्धही झालेलं नाही. केवळ त्याच्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

आपल्याकडची जुनी आंबटं

व्हिनेगर परदेशातून आलेलं म्हणून एकदम नाकारू नका आणि आपल्या आजीला हे ठाऊक नव्हतं असंही समजू नका. आयुर्वेदात शुक्त, कांजी, धान्याम्ल अशी आंबवलेली द्रव्यं आहेत. त्यांतलं धान्याम्ल आजही काही वैद्य अंगावर धार धरण्यासाठी वापरतात. युनानी हकिमांकडे सिरका, म्हणजे व्हिनेगर, आणि मध यांचं सिकंजबीन आहे. आणि आयुर्वेद शुक्ताला सरसकट चांगलं म्हणत नाही. ते वाताला खाली सरकवतं, पण पित्त आणि रक्त खवळवतं, असं त्याचं वर्णन आहे. ज्यांना छातीत जळजळ होते त्यांना व्हिनेगर का सोसत नाही, याचं उत्तर त्यात आलं.

आपल्या शिवारातलं एक द्रव्य मात्र विसरायला नको: हरभऱ्याची आंब. थंडीत हरभरा घाटे धरू लागला की त्याच्या पानांवर आंबट दहिवर साचतं. रात्री त्या झाडांवर स्वच्छ पातळ कापड पसरायचं, पहाटे ते पिळायचं आणि निघालेलं आंबट पाणी बाटलीत भरून ठेवायचं. पोटदुखीला, अपचनाला थेंबाथेंबानं पाण्यातून द्यायचं. त्यात ॲसिटिक नव्हे, तर मॅलिक आणि ऑक्झॅलिक ॲसिड असतं. म्हणजे ती व्हिनेगरची चुलतबहीण. तुमच्या घरी आंब असेल तर दोन गोष्टी पाहा:

- घाटेअळीसाठी फवारणी झालेल्या पिकावरची आंब घेऊ नका. कापडानं दहिवराबरोबर औषधही टिपलेलं असतं.
- मूतखडा होऊन गेला असेल तर आंब टाळा. ऑक्झॅलेटचे खडे याच ॲसिडच्या क्षारांचे बनतात.

पोट सारखं दुखत असेल, उलट्या होत असतील किंवा पोट कडक लागत असेल, तर आंब, सिरका, ओवा सगळं बाजूला ठेवून दवाखाना गाठा.

प्यायचं असेल तर: साखर आणि वजन

व्हिनेगरचा सगळ्यात जास्त अभ्यास झालेला गुण म्हणजे जेवणानंतरच्या साखरेवरचा परिणाम. भात, पोळी, बटाटा, ब्रेड अशा पिठूळ जेवणाबरोबर थोडं व्हिनेगर पोटात गेलं, तर अन्न जठरातून हळू पुढे सरकतं आणि रक्तातली साखर जरा संथ चढते. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या कॅरल जॉन्स्टन यांनी 2004 मध्ये हे दाखवलं. पण त्या प्रयोगात तीसहून कमी माणसं होती. नंतरचे बरेच अभ्यासही असेच लहान आहेत. परिणाम खरा आहे, पण छोटा आहे. मधुमेहाच्या गोळीची जागा तो घेऊ शकत नाही. जांभळाच्या सिरक्यालाही हेच लागू आहे.

वजनाच्या दाव्यांबाबत मी तुम्हाला स्पष्टच सावध करते. जपानमध्ये 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लठ्ठ व्यक्तींनी बारा आठवडे रोज 15 किंवा 30 मि.ली. व्हिनेगर घेतलं. घट झाली ती एक ते दोन किलोंच्या आसपास, आणि व्हिनेगर थांबवल्यावर आकडे पुन्हा वर सरकू लागले. मग 2024 मध्ये लेबनॉनमधला एक अभ्यास आला. त्यातली घट फारच मोठी होती आणि ती बातमी जगभर फिरली. पुढे तज्ज्ञांनी त्यातली आकडेवारी तपासली, ती पटण्यासारखी निघाली नाही आणि 2025 मध्ये तो शोधनिबंध मागे घेण्यात आला. मागे घेतल्याची बातमी मात्र तितकी फिरली नाही. कुणी तुम्हाला ‘संशोधनानं सिद्ध झालंय’ असं सांगत असेल, तर तो हाच अभ्यास दाखवत नाही ना, हे विचारा.

माझं मत विचाराल तर ग्लासातून पिण्यापेक्षा व्हिनेगर ताटात घ्या. काकडी, कांदा, कोबी किंवा गाजर चिरून त्यावर चमचाभर टाका आणि जेवणाबरोबर खा. परिणाम तोच मिळतो, दात आणि घसा वाचतो, आणि भाजी पोटात जाते ती वेगळीच. रक्तदाब असलेल्यांना आणखी एक फायदा आहे. कोशिंबिरीत आंबटपणा आला की मीठ कमी चालतं. हे काम लिंबूही करतं, त्यामुळे घरात लिंबू असेल तर मुद्दाम बाटली आणायची गरज नाही.

तरीही प्यायचंच असेल तर अशी पद्धत ठेवा:

1. एका चहाच्या चमच्यापासून सुरुवात करा. दिवसभरात पोह्याच्या एका मोठ्या चमच्याच्या, म्हणजे सुमारे 15 मि.ली.च्या, पुढे जाऊ नका.
2. ते मोठ्या ग्लासभर पाण्यात मिसळा. नुसतं कधीच पिऊ नका, मध घालूनही नाही.
3. जेवणाबरोबर घ्या. उपाशीपोटी घेण्यानं काही जास्त मिळतं असं नाही, मळमळ मात्र वाढते.
4. लगेच साध्या पाण्यानं चूळ भरा आणि दात घासण्याआधी अर्धा ते एक तास जाऊ द्या. ॲसिडनं दातांवरचं कवच मऊ पडलेलं असतं आणि ब्रश ते खरवडून काढतो.
5. झोपण्यापूर्वी घेऊ नका. आडवं झाल्यावर ते अन्ननलिकेत वर येतं.

व्हिनेगरच्या गोळ्या आणि चघळण्याच्या गमीज मी सुचवत नाही. गोळी घशात अडकून अन्ननलिका भाजल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे, आणि गमीजमध्ये बहुतेकदा साखरच असते.

कुणी पिऊ नये, कुणी आधी विचारावं

ऑस्ट्रियात 1998 मध्ये एका 28 वर्षांच्या बाईची नोंद झाली. ती सहा वर्षं रोज सुमारे 250 मि.ली. ॲपल सायडर व्हिनेगर पाण्यातून पीत होती. तिच्या रक्तातलं पोटॅशियम खूप उतरलं होतं आणि त्या वयात हाडं ठिसूळ झाली होती. इतकं कुणी पीत नाही, असं तुम्ही म्हणाल. पण ‘थोड्यानं गुण येतोय, मग जास्त घेऊ’ हा विचार आपल्या सगळ्यांच्याच घरात असतो. पुढच्या लोकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ग्लास उचलू नये:

- इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे. दोन्हींचा परिणाम एकत्र होऊन साखर एकदम खाली जाऊ शकते.
- लघवीच्या गोळ्या किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन घेणारे. पोटॅशियम घटलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात.
- पित्ताचा, अल्सरचा किंवा घशाशी आंबट येण्याचा त्रास असणारे.
- किडनीचा आजार असणारे.
- बऱ्याच वर्षांचा मधुमेह असून जेवल्यावर पोट तासन्‌तास भरल्यासारखं वाटणारे. त्यांचं जठर आधीच संथ झालेलं असतं आणि व्हिनेगर ते आणखी संथ करतं.
- गरोदर बायका. पाश्चराइझ न केलेलं कच्चं व्हिनेगर त्यांनी टाळावं.

डॉक्टरांकडे औषधांची यादी सांगताना व्हिनेगरचाही उल्लेख करा. ‘ते काय औषध आहे?’ असं वाटून ते सांगायचं राहून जातं.

अंगावर लावताना

*चामखीळ, तीळ, मुरमं:* व्हिनेगरचा बोळा चिकटपट्टीखाली रात्रभर बांधून ठेवल्यानं त्वचा भाजल्याच्या घटना डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. तीळ तर असा कधीच जाळू नका. तो अचानक वाढत असेल, रंग बदलत असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना आधी तो जसाच्या तसा दिसायला हवा.

*इसब आणि खाज:* अमेरिकेत 2019 मध्ये इसब असलेल्यांना रोज थोडा वेळ पातळ व्हिनेगरमध्ये हात बुडवायला सांगून पाहिलं. त्वचा सुधारली नाही, उलट बहुतेकांना चुरचुर झाली.

*कान:* बाहेरच्या कानाच्या जंतुसंसर्गावर डॉक्टर 2 टक्के ॲसिटिक ॲसिडचे थेंब देतात, हे खरं आहे. पण आधी ते कानात बघतात, कारण पडदा फाटलेला असेल तर थेंब आत जातात. तुम्हाला घरी ते दिसत नाही. म्हणून बाटलीतलं व्हिनेगर कानात घालू नका.

*जखम:* भाजलेल्यांच्या वॉर्डात काही चिवट जंतूंविरुद्ध पातळ ॲसिटिक ॲसिड वापरतात. ते मोजून केलेलं असतं. मधुमेह्याच्या पायाच्या जखमेवर घरी असा प्रयोग केला, तर पाय गमावण्याची पाळी येऊ शकते.

*उवा:* लिखा सैल होतील म्हणून लावतात. उवा त्यानं मरत नाहीत. औषध आणि बारीक दातांची फणी, यांना पर्याय नाही.

*समुद्रावर ‘ब्ल्यू बॉटल’ डसली तर:* पावसाळ्यात जुहू, गिरगावच्या चौपाटीवर आणि कोकण किनाऱ्यावर हे निळे फुगे वाहून येतात. ऑस्ट्रेलियात बॉक्स जेलीफिशच्या दंशावर व्हिनेगर ओततात, ते वाचून आपल्याकडेही सुचवलं जातं. पण ब्ल्यू बॉटल हा निराळा जीव आहे आणि त्यावर व्हिनेगरबद्दल तज्ज्ञांचं एकमत नाही. सोसेल इतक्या गरम, सुमारे 45 अंशांच्या पाण्यात 20 मिनिटं तो भाग ठेवल्यानं वेदना कमी होतात. आधी समुद्राच्याच पाण्यानं धुवा आणि चिकटलेले तंतू चिमट्यानं काढा. श्वास लागला किंवा चक्कर आली, तर थेट रुग्णालयात जा.

घर साफ करताना एकच गोष्ट पाठ करा

व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो फुफ्फुसं भाजून काढतो. नळावरचे क्षाराचे डाग, किटलीतला थर यांवर व्हिनेगर उत्तम आहे, पण ते एकटंच वापरा. ठेवायला काच किंवा चिनी मातीची बरणी घ्या. तांब्यापितळेच्या भांड्यात ताक जसं कळकतं तसंच व्हिनेगरही कळकतं आणि ते पोटात जाणं विषारी असतं.

विकत घेताना काय पाहाल, फसलात तर काय कराल

आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार व्हिनेगरमध्ये किमान 3.75 टक्के ॲसिटिक ॲसिड असावं लागतं. नुसतं ॲसिड पाण्यात मिसळून केलेलं असेल, तर बाटलीवर ‘सिंथेटिक’ असं आणि ते ॲसिटिक ॲसिडपासून बनवल्याचं ठळक छापणं बंधनकारक आहे. लोणचं आणि साफसफाईला ते चालतं. रोज खायला मात्र आंबवून केलेलंच घ्या. माडाचं असेल तर फारच छान. सुटं, लेबल नसलेलं घेऊ नका. तीव्र ॲसिटिक ॲसिडही आंबट वासाचंच असतं, ते चुकून पोटात गेलं तर घसा आणि जठर जळतं.

तुम्हाला हे अधिकार आहेत:

- लेबलावर 14 अंकी परवाना क्रमांक, घटक आणि तारीख दिसायलाच हवी.
- ‘मधुमेह बरा होतो’, ‘कर्करोग जातो’ असा दावा खाद्यपदार्थाच्या बाटलीवर किंवा जाहिरातीत करता येत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद अन्नसुरक्षा कायद्यात आहे.
- भेसळीचा संशय असेल तर शुल्क भरून तुम्ही स्वतः नमुना अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकता. नमुना नियमात बसत नाही असं निघालं तर शुल्क परत मिळतं.
- तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर करा. बिल, रिकामी बाटली आणि जाहिरातीचा फोटो जपून ठेवा.

ज्या व्हिनेगरनं जीव वाचतात

आता त्या उपयोगाबद्दल, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि ज्याबद्दल मला जवळजवळ कुणी विचारत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची एक तपासणी व्हिनेगरच्याच ॲसिडनं होते. तिला ‘व्हीआयए’ म्हणतात.

गर्भाशयाच्या मुखावर 3 ते 5 टक्के ॲसिटिक ॲसिडचा बोळा टेकवायचा आणि एक मिनिट थांबायचं. निरोगी भाग गुलाबी राहतो. कर्करोगाकडे झुकलेल्या पेशींत केंद्रक मोठं आणि प्रथिनं दाट असतात. ॲसिडनं ती गोठतात आणि तेवढा भाग पांढरा दिसतो. प्रयोगशाळा नको, वीज नको, निकाल तिथल्या तिथे.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं 1998 पासून झोपडवस्त्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांवर याचा अभ्यास केला. वय 35 ते 64. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना चार आठवडे प्रशिक्षण दिलं होतं. दर दोन वर्षांनी एकदा, अशा चार फेऱ्या झाल्या. बारा वर्षांनंतर तपासणी झालेल्या गटात या कर्करोगानं होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी आढळले. डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी 2013 मध्ये हे निष्कर्ष जगापुढे मांडले.

दुसरी बाजूही सांगते. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातला बार्शीच्या रुग्णालयामार्फत झालेला अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकाच फेरीतल्या व्हीआयएचा ठोस फायदा दिसला नाही. विषाणू शोधणाऱ्या एचपीव्ही चाचणीनं मात्र मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. म्हणून एचपीव्ही चाचणी परवडत आणि मिळत असेल तर ती करा. नसेल, तर व्हीआयए टाळू नका आणि एकदाच करून थांबू नका.

सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी ही तपासणी आहे. जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा ग्रामीण रुग्णालयात आशाताईंना विचारा. जाण्याआधी एवढं ध्यानात असू द्या:

- पाळी संपल्यानंतरचे दिवस सोयीचे. पाळी चालू असताना किंवा गरोदरपणात जाऊ नका.
- पन्नाशीनंतर तपासायचा भाग आत सरकतो आणि व्हीआयएत नीट दिसत नाही. तेव्हा डॉक्टरांना दुसऱ्या चाचणीबद्दल विचारा.
- पडदा, सोबतीला बाई आणि आधी समजावून सांगणं, हा तुमचा हक्क आहे. नको वाटलं तर मध्येच थांबवायलाही सांगू शकता.
- ‘पांढरं दिसलं’ म्हणजे कर्करोग झाला असं नाही. बऱ्याचदा साधी सूज असते. पण पुढच्या तपासणीला जायलाच हवं. कर्करोगापूर्वीचा बदल असेल तर बहुतेकदा त्या जागी गोठवून किंवा उष्णता देऊन तो काढतात आणि बाई त्याच दिवशी घरी येते.
- संबंधांनंतर रक्त जात असेल, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं असेल, किंवा अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जात असेल, तर शिबिराची वाट पाहू नका. थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

आणि हे वाचून कुणी घरची बाटली उघडू नये. योनीमार्ग व्हिनेगरनं धुण्याचा सल्ला फिरत असतो. तिथले उपयोगी जिवाणू त्यानं मरतात आणि संसर्ग वाढतो.

तपासणी झाल्यावर निकालाचा कागद मागून घ्या. त्यावर तारीख आहे का ते बघा. घरी शिधापत्रिकेच्या पिशवीत तो ठेवा आणि पुढच्या खेपेला सासूबाईंना, वहिनीला, घरकामाला येणाऱ्या मावशींनाही सोबत न्या.